चपट्या तोंडाच्या गोळ्या

डोळे मिटत चालले आहेत, हे मला कळतं आहे. शनिवारची दुपार आहे. नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत पंखा कुरकुरतो आहे आणि माझ्यासमोर लाकडी ट्रेमध्ये काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पितळी पुंगळ्या तोंडं वर करून उभ्या आहेत. बंदुकीची दारू अजून कपाटात, कुलपात. डोळ्यांवर झोप असताना दारूला हात लावायचा नाही, हे मी शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, त्यामुळे ते मलाही पाळावं लागतं.

ट्रेच्या दोन्ही बाजूंना एकेक डबा आहे. डावीकडे गोल नाकाच्या गोळ्या, तांब्याचा पत्रा चढवलेल्या, चकचकीत. उजवीकडे शिशाच्या, चपट्या तोंडाच्या, मोडलेल्या खडूसारख्या दिसणाऱ्या. यातल्या एका डब्यातल्या गोळ्या या पुंगळ्यांवर बसवायच्या आहेत, आणि ती काडतुसं घेऊन उद्या सकाळी माझी विद्यार्थिनी हर्षला सामन्याच्या लाइनवर उभी राहणार आहे. कुठला डबा, ते मला अजून ठरवता येत नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना मी मुलांना सांगते तसंच सांगते. वहीचं एक पान घ्या आणि त्यात पेन्सिल खुपसा. पान फाटतं, कडा आत वळतात, आणि पेन्सिल काढली की भोक निम्मं मिटतं. आता तेच पान पंचिंग मशीनमध्ये घाला. स्वच्छ, वाटोळं भोक पडतं. गोल नाकाची गोळी म्हणजे पेन्सिल, चपटी म्हणजे पंचिंग मशीन. टार्गेटवरच्या दहाच्या रेषेला गोळी नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात, पण टेकलेली दिसली पाहिजे. शिवाय चपटी जरा सावकाश जाते आणि हाताला झटका कमी देते. हर्षलाचं मनगट मागच्या वर्षी मोडलं होतं.

एवढं सगळं चपटीच्या बाजूने असताना मी अडून का बसले आहे? कारण आमच्या क्लबचं बत्तीस बोअरचं पिस्तूलही अडून बसतं. चपटी गोळी मुठीतल्या मॅगझिनमधून वर येताना तिची कड कधीकधी ठेचकाळते आणि काडतूस मध्येच तिरपं होऊन बसतं. गोल नाकाची बिचारी सुरळीत घसरते. गेल्या रविवारी सरावात हर्षलाचं पिस्तूल दोनदा अडलं. आमचे सेक्रेटरी घोडके सगळ्यांदेखत म्हणाले, बाई, गोल भरा आणि मोकळ्या व्हा, मुलगी आहे, उद्या सामन्यात अडलं तर रडत बसेल. मागची मुलं हसली. उद्याच्या सामन्यातून जिल्ह्याचा संघ निवडायचा आहे. चार जागा आहेत आणि आजवर त्यातल्या एकीवरही मुलगी बसलेली नाही. हर्षला सतरा वर्षांची आहे. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि तेच मला आठवडाभर खुपतं आहे.

पंख्याचा आवाज लांब जातो. समोरच्या स्टुलावर मुजावरभाई बसलेले आहेत.

मला आश्चर्य वाटत नाही. गुलाब मुजावर, आमच्या क्लबची पिस्तुलं दुरुस्त करणारे, काडतुसं भरणारे. पुंगळी बोटांत कशी धरायची इथपासून सगळं मला त्यांनी शिकवलं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मी कब्रस्तानच्या फाटकापर्यंत गेले होते आणि तिथेच उभी राहिले होते. त्यांच्या चष्म्याच्या काडीला अजून तोच दोरा गुंडाळलेला आहे. काचेच्या तुकड्यावर ते एकेक गोळी घरंगळवून बघत आहेत. डुगडुगली की बाजूला, सरळ गेली की ट्रेमध्ये. हे असंच करायचं, बोटाने नाही, डोळ्याने नाही, काचेवर.

"अजून ठरंना व्हय, बाई?" ते मान वर न करता विचारतात.

मी म्हणते, ठरेल. ते म्हणतात, त्यात ठरवायचं काय, गोल द्या पोरीला. मी मनगटाचं सांगते. ते म्हणतात, मनगट सोसतं, हसणं सोसत नाही.

खोलीची भिंत आता फळा झाली आहे. ही मी शिकवायचे ती जुनी शाळा, सहावी ब, आणि बाकांवर मुलं बसलेली आहेत. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल आहे आणि सगळे वहीत भोकं पाडत आहेत. मी त्यांना ओरडत नाही. मुजावरभाई शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून कसेबसे बसले आहेत. फळ्यावर खडूने काढलेलं टार्गेट आहे आणि दहाच्या रेषेपाशी एक फाटकं, मिटलेलं भोक. ते भोक मी कुठेही ओळखीन. एकोणऐंशी सालचं, माझं. त्या दिवशी चपट्या संपल्या म्हणून मला गोल मिळाल्या होत्या. पंचांनी भिंग लावलं, मान हलवली आणि नऊ दिले. एका गुणाने संघातली माझी जागा गेली.

मी टेबलाचा खण ओढते. शाळेच्या टेबलाला मुजावरभाईंच्या टेबलाचा खण आहे, हे मला विचित्र वाटत नाही. आत एक पुठ्ठ्याचा डबा आहे. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'शेडबाळे बाई' लिहिलं आहे. डबा जड आहे. उघडते तर तीस काडतुसं, प्रत्येकाचं तोंड चपटं.

"संपल्या म्हणाला होतात," मी म्हणते.

"खोटं बोललो."

मुजावरभाई चष्मा काढून सदऱ्याला पुसतात. मग सांगतात, की ही तीस त्यांनी माझ्यासाठीच भरली होती, आधीचे दोन दिवस खपून. सामन्याच्या दिवशी सकाळी लवकर येऊन पिस्तूल तपासलं. दहात एकदा अडत होतं. लाइनवर अकरा पुरुष आणि मी. तेव्हा त्यांनी माझा डबा खणात टाकला आणि गोल नाकाच्या काडतुसांचा डबा माझ्या जागेवर ठेवला.

"तुमचं अडलं असतं, आन् ते हसले असते. मला ते बघवलं नसतं, बाई."

एवढी वर्षं मी समजत होते की माझं नशीब वाईट. त्यापेक्षा हे जड आहे. रागवावं तर समोर मुजावरभाई आहेत, ज्यांनी माझ्यासाठी दोन दिवस मान वर केली नव्हती. तरी मी रागवते. वर्गात मी कधीच आवाज चढवत नाही, इथेही चढवत नाही.

"अडलेलं काढायला मला तुम्हीच शिकवलं होतं ना? मग ते कशासाठी शिकवलं?"

ते चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवतात.

"हसले असते तर हसले असते. मी अडलेलं काढलं असतं आणि पुढची गोळी मारली असती. तुम्ही माझा अपमान वाचवला नाहीत, मुजावरभाई, माझी खेळायची पाळी काढून घेतलीत."

ते म्हणतात, झालं ते झालं, आता माझं ऐका, पोरीला गोल द्या.

"नाही ऐकत."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येतं. "तिकडं मला कुणी न्हाई म्हणत न्हाई," ते म्हणतात. "बरं वाटलं."

बाकं नाहीत. पायाखाली जुन्या रेंजवरची, खाणीतली खडी आहे, ऊन आहे, आणि माझ्या हातात पिस्तूल आहे. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि माझे गुडघे आजच्यासारखेच दुखत आहेत. मागे पुरुषांची रांग आहे. त्यात घोडकेही आहेत, हाफ चड्डीत. मी चाप दाबते आणि पिस्तूल अडतं. सगळे हसतात, अगदी त्यांना हवं तेवढं. मी नळी समोरच ठेवते, मॅगझिन काढते, वरची सरकती स्लाइड जोरात मागे ओढते. तिरपं काडतूस खडीत पडतं. घाईत अंगठ्याजवळची चामडी स्लाइडमध्ये चिमटते, तरी मी हात मागे घेत नाही. मॅगझिन आत. पुन्हा नेम.

आवाज येत नाही. समोरच्या कागदावर एक वाटोळं भोक आहे आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसतं आहे.

आता हसण्याचा आवाज नाही. मी वळून बघते तर रांगही नाही, फक्त मुजावरभाई आहेत. मी विजयाने त्यांना सांगते, बघितलंत, उद्या हर्षलाला चपट्याच देणार, ठरलं माझं.

"तिला इचारलं का?" ते म्हणतात.

"कुणाला?"

"पोरीला. मी तुम्हाला न्हाई इचारलं."

पंखा कुरकुरतो आहे. ट्रे तसाच आहे, दोन्ही डबे तसेच. स्टूल रिकामं आहे. मी हर्षलाला फोन लावते. गोलचं काय, चपटीचं काय, मनगटाचं काय, अडण्याचं काय, सगळं सांगते, तिच्या वतीने काहीच न ठरवता. हे मला वाटलं होतं त्याहून अवघड जातं. शेवटी ती विचारते, "बाई, अडलं तर मला पुन्हा मारू देतात ना?"

मी म्हणते, नियमात बसलं तर देतात.

"मग चपट्या. मी आत्ता येते. रिकाम्या काडतुसांवर अडलेलं काढायचं करून घ्या माझ्याकडून, अंधार पडेपर्यंत. आणि घोडके सरांना सांगा, बघायला या म्हणावं."

मी गोल नाकाच्या गोळ्यांचा डबा उचलून कपाटात ठेवते. फोन खाली ठेवताना त्याच्या काचेवर लाल ठसा दिसतो. मी हात उलटा करून बघते. पिस्तुलं सकाळपासून तिजोरीत आहेत, तिजोरीच्या नोंदवहीत माझीच सही आहे. तरी अंगठा आणि तर्जनीच्या मधली चामडी चिमटीएवढी निघाली आहे, आणि रक्त अजून ओलं आहे.