उत्तरेच्या उताराची रेघ

'ता. ९ ऑगस्ट, मंगळवार. हवा ढगाळ. सकाळी वाचनालयाची पुस्तकं परत केली. अकराला पाणी खात्यातली इंजिनीअर आली. ह्यांच्या वह्या बघितल्या. दोन तास बसली.'

दुपारी काकूंनी डायरीत एवढंच लिहिलं. त्या दोन तासांत काय घडलं ते मात्र सांगायला हवं.

दगडोबा हे काकूंच्या दिवंगत यजमानांचं कचेरीतलं टोपणनाव. तीस वर्षं त्यांनी जमिनीखालचे नकाशे काढले: कुठे कातळ, कुठे मुरूम, कुठे चिकणमाती. खांद्याला झोळी, हातात हातोडी. दगड फोडायचा, ताजा तुकडा खुशाल जिभेला लावायचा आणि मग भिंगाखाली धरायचा. ओला केला की कण नीट दिसतात म्हणे.

"रस्त्यावरचा दगड आवडीनं चाखता, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवता," काकू म्हणायच्या.

"दगडाला नावं ठेवली तर तो दोन दिवस फुगून बसत नाही," ते म्हणायचे.

पावसाळ्यात बाहेरची कामं बंद. मग जेवणाच्या टेबलावर नकाशे रंगायचे आणि ताटं मांडीवर यायची. काकू पेन्सिलींना टोकं काढून द्यायच्या आणि दर वर्षी तोच धडा ऐकायच्या: स्वतः चालून थर पाहिला तिथे रेघ अखंड, नुसता अंदाज असेल तिथे तुटक. "तुटक रेघेची लाज वाटू द्यायची नाही. आपली रेघ बघून पुढे कुणीतरी विहीर खणतं."

त्याच टेबलावर आज इंजिनीअर मुलीने त्यांचा छापील नकाशा पसरला. गावाचा कचरा उत्तरेच्या उतारावरच्या जुन्या खाणीत टाकायचं ठरत होतं. खाणीखाली चिकणमातीचा थर सलग असला, तर घाण पाणी वरच अडेल. नसला, तर ते झिरपत खालच्या विहिरींत उतरेल. नकाशात त्या थराची रेघ अखंड होती.

"नकाशा साहेबांचा म्हटल्यावर आमचे वरिष्ठ निर्धास्त आहेत, काकू. मला फक्त ते तिथे कधी गेले होते, ती तारीख हवी."

तारीख वहीत होती, दगडोबांच्या बारीक, सरळ अक्षरात: १२ व १३ फेब्रुवारी, उत्तरेचा उतार.

काकू थबकल्या. बारा फेब्रुवारी हा लेकीचा वाढदिवस, आणि वहीवरचं सालही तिच्या जन्माचंच. त्यांनी कपाटातून त्या सालची स्वतःची डायरी काढली आणि आधी मनातल्या मनात वाचली. 'पहाटे कळा. मुलगी. वजन फार कमी, काचेच्या पेटीत ठेवलंय.' पुढच्या पानावर: 'कालपासून हे दवाखान्याच्या बाकावरच. नर्सने दोनदा घरी जा म्हटलं, गेले नाहीत.'

पुढे त्या नकाशाचा विषय निघाला की दगडोबा चष्मा पुसायला घ्यायचे. काकूंना वाटायचं, डोळे दमले असतील.

डायरी मिटून कपाटात ठेवली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक टायपात त्यांचं नाव होतं. बाकीच्या नकाशांवर नुसतं खात्याचं नाव; त्यांचं छापलेलं नाव जगात तेवढंच होतं. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं.

"काय झालं, काकू?"

"ते गेलेच नव्हते तिथे." काकूंनी डायरी पुढे सरकवली. "वाचा. मोठ्यानं नको."

मुलीने दोन्ही पानं वाचली. मग नकाशाकडे वळली. "म्हणजे ही रेघ..."

"तुटक हवी होती. त्यांच्याच नियमानं."

"मग खाणीत भोकं पाडून बघेपर्यंत काम थांबवता येईल. पण साहेबांची रेघ चुकली असं नुसतं माझ्या सांगण्यावरून कुणी मानणार नाही. ही डायरी न्यावी लागेल."

"न्या," काकू म्हणाल्या. "पण तुमच्या वरिष्ठांना सांगताना लेकीचं वजनही सांगा."

मुलीने मान हलवली आणि पावती लिहून दिली.

संध्याकाळी काकूंनी दुपारच्या नोंदीखाली भर घातली: 'डायरी पाणी खात्याला दिली. दूध उतू गेलं. शेगडी घासून ठेवली.'