मांडवीच्या वाळूवरचं वाफारा मंडळ

समुद्रावरून घरी आलं की धोतर कितीही झटका, रात्री अंथरुणात वाळू सापडतेच. आमच्या मंडळाच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगून संपवावी तर दुसरी निघते. आणि गंमत अशी की बहुतेक गोष्टींत फजिती माझीच!

मी मूळचा देशावरचा, सातारा बाजूचा. मोजणी खात्यात क्लार्क. रत्नागिरीला ट्रान्सफर झाली तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि तेव्हाच ठरवलं, याच्याशी संबंध लांबूनच ठेवायचा. पण लग्न जमलं ते नेमकं गणपतीपुळ्याजवळच्या घरात. सासरे पंचांग कोळून प्यायलेले, आणि साठी उलटली तरी रोज सकाळी समुद्रात पोहणारे! लग्नाच्या पंगतीत मला म्हणाले, "जावईबापू, पोहायला येतं ना?"

मी म्हणालो, "येतं थोडंसं."

त्या "थोडंसं"नं मला पुढं किती वर्षं छळलं, तेच सांगतो.

*

मंडळ निघालं हसनमियांच्या गप्पांतून. हसनमिया मिरकरवाड्याचे. आगबोटीवर आगवाले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा लोटण्याच्या कामावर, अर्धी दुनिया हिंडून परत आलेले. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी बसायचे आणि आम्ही तिघं त्यांच्याभोवती. नाना वकील, शाळेतले ड्रॉइंग मास्तर आणि मी.

एकदा म्हणाले, "उत्तरेकडं एक बंदर हाय. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव नाय घेत. लोक काय करतात, तर दर्याच्या काठावर लाकडाची खोली बांधतात, आत धोंडे तापवतात, त्यावर पाणी मारतात. वाफेत उकडून निघतात नि धावत जाऊन दर्यात उडी! पाणी कसं? बर्फावानी!"

"त्यानं होतं काय?" नानांनी विचारलं.

"माणूस शंभर वर्षं जगतो म्हणतात."

नानांचं वजन त्या वर्षी फार वाढलं होतं. पुढच्या रविवारी माडांच्या सावलीत विणलेल्या झावळ्यांच्या झापांचं खोपटं उभं राहिलं. नाना प्रेसिडेंट, मास्तर सेक्रेटरी, मी मेंबर. एप्रिल संपत आला होता. घरात नुसतं बसलं तरी घाम निथळत होता. अशा वेळी रत्नागिरीत घाम काढण्यासाठी खास खोली बांधणारे आमच्याइतके शहाणे दुसरे कुणी झाले नसतील!

*

पहिल्याच रविवारी धोंड्यांचा घोळ झाला. रत्नागिरीत धोंडा म्हणजे जांभा. घर जांभ्याचं, कुंपणाचा गडगा जांभ्याचा, तर वाफेला वेगळा दगड कशाला? मास्तरांनी चांगले लालबुंद चिरे आणून तापवले. नानांनी वर तांब्याभर पाणी मारलं. फट्! चिऱ्याचे चार तुकडे झाले आणि सगळी तांबडी माती आमच्या अंगावर!

बाहेर आलो तेव्हा तिघंही पायापासून शेंडीपर्यंत लाल. नाना आणि मास्तर समुद्रात जाऊन धुऊन आले. मी "जरा थंडी वाजतेय" म्हणून तसाच बाजारातून घरी गेलो. एप्रिलमध्ये थंडी!

बायको दारातच होती. यमुना तिचं नाव. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "शिमगा होऊन महिना झाला."

मग हसनमियांनीच मचव्याच्या तळाला वजनासाठी घालतात ते काळे गोटे आणून दिले. देताना एवढंच म्हणाले, "शिकलेली माणसं तुम्ही!"

*

हसनमियांनी आणखी एक सांगितलं होतं. तिकडचे लोक वाफेत बसून पाल्याच्या डहाळ्यांनी अंग बडवून घेतात, त्यानं रक्त मोकळं होतं. मास्तर कलावंत माणूस. हिरवागार, देखणा पाला हवा म्हणून त्यांनी आंब्याच्या डहाळ्या तोडून आणल्या. अंधारात बसलो, वाफ झाली, नानांनी मोठ्या प्रेमानं माझ्या पाठीवर पहिला फटका मारला.

पाल्यात तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं.

आम्ही तिघं त्या खोपट्यातून दारानं निघालो की भिंतीतून, हे आजही सांगता येणार नाही. पण एक खरं, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कमरेइतक्या पाण्यात गेलो! मुंग्या गेल्या आणि मग भान आलं. तिथून परत काठाला यायला मला नानांचा हात धरावा लागला. नाना वकील असूनही ही गोष्ट कुणाला बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

*

एरवी माझी पद्धत साधी होती. वाफेत सगळ्यांबरोबर बसायचं. ते दोघं समुद्राकडं पळाले की आपण एका उपड्या होडीमागं जायचं आणि बरोबर आणलेल्या तांब्यानं डोक्यावर पाणी ओतायचं. घरी सांगायचं, "आज समुद्रातल्या त्या काळ्या खडकापर्यंत पोहून आलो." यमुना कौतुकानं ऐकायची. निदान मला तसं वाटायचं.

एका रविवारी तिनं माझा पंचा वाळत घालायला घेतला, हातात धरून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "केस ओलेचिंब, पंचा ठणठणीत कोरडा. इकडून खाली डोकं वर पाय करून पोहणं होतं वाटतं?"

मी म्हणालो, "वारा फार होता."

ती हसली नाही. पण आठ दिवसांनी सासऱ्यांचं पत्र आलं. "चि. यमुनेने कळविले की आपण आता खडकापर्यंत पोहून येता. आनंद वाटला. येत्या अमावास्येला रविवार आहे. तिकडे येतो आहे, डोळ्यांनी पाहीन."

म्हणजे तिनं वडिलांना कळवलं होतं! आता मी खोटा ठरलो असतो तर चालण्यासारखं होतं, सवय होती. पण बापापुढं ती खोटी पडणार होती. खरं सांगतो, मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

त्यात मी एक अक्कल चालवली. मांडवीची वाळू काळी, उन्हात अशी तापते की खोपट्यापासून पाण्यापर्यंत पळताना तळपाय भाजायचे. सासरेबुवांसमोर तसं नाचत जायला नको, म्हणून मी ठराव मांडला की खोपटं पाण्याजवळ न्यावं. ठराव पास झाला. मोजणी खात्याचा माणूस मीच! अमावास्येच्या आधीच्या रविवारी, म्हणजे अष्टमीला, ऑफिसातली साखळी आणली. ओली वाळू जिथं संपते तिथून वीस पावलं वर खुंट्या ठोकल्या.

हसनमिया काठीवर हनुवटी टेकून बघत होते. बऱ्याच वरच्या अंगाला वाळलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची एक ओळ पडली होती, तिकडं काठी करून म्हणाले, "रावसाब, ती बघा. पाणी तिथवर येतं."

"ती जुनी असेल. मी आज मोजलंय."

"आज अष्टमी. आज दर्या आळसावलेला असतो. तुम्ही संडे बघून मोजता, नि तो तिथी बघून येतो. दर्या तुमच्या कचेरीत नोकरीला नाय, रावसाब!"

मी हसण्यावारी नेलं. सरकारी साखळी सोडून का एका आगवाल्याचं ऐकायचं?

*

तो रविवार उजाडला. सासरे आले. काठावर छत्री घेऊन उभे राहिले, शेजारी यमुना. मी लांबूनच नमस्कार केला आणि खोपट्यात शिरलो. माझा बेत असा होता की आतून बाहेर यायचंच नाही. म्हातारा माणूस, ऊन चढलं की कंटाळून घरी जाईल.

आत नाना, मास्तर आणि मी. बसायला कचेरीतून मोडीत निघालेला लांब लाकडी बाक. अकराचा सुमार झाला असेल. मास्तर म्हणाले, "भाऊराव, पाण्याचा तांब्या सांडला का? पाय ओले लागतायत."

मी खाली हात लावला. घोट्यापर्यंत पाणी!

तेवढ्यात पाणी तापलेल्या गोट्यांवर गेलं आणि जी काही वाफ झाली म्हणता! उत्तरेकडच्या त्या बंदरातसुद्धा तशी झाली नसेल. काही दिसेना. नाना "जगदंबे!" म्हणून ओरडले आणि दार घेऊनच बाहेर पडले. मास्तर त्यांच्या मागं. मी बाकावर पालथा पडून दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. पुढच्या लाटेनं झापा नेल्या, त्याच्या पुढच्या लाटेनं बाक उचलला आणि बाकासकट मी निघालो समुद्रात!

डोळे घट्ट मिटलेले. पाय आपोआप झाडत होतो. काठ किती लांब गेला ते ठाऊक नाही. नाना नंतर म्हणाले खडकाजवळ, पण वकिलाचा शब्द. माझ्या डोक्यात एकच, यमुना बघतेय आणि तिचे वडीलही बघतायत. आता सगळं संपलं. मग एक मोठी लाट आली, पाठीत धपाटा बसला आणि खसकन वाळूवर येऊन लागलो.

डोळे उघडले तर समोर सासऱ्यांचे पाय.

त्यांनी छत्री मिटली. माझ्याकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. हात काही केल्या सुटत नव्हते.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे काय?"

यमुना पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, बाकाचं दुसरं टोक धरलं, तो नीट काठावर ओढून घेतला. आणि चेहऱ्यावरची रेघसुद्धा न हलवता म्हणाली,

"बाबा, देशावर असंच पोहतात."