बरकतीची चिमूट

कधीही न पाहिलेल्या कुत्र्याचा फाटलेला कान स्वप्नात कसा दिसावा? इंझोरीच्या रहमतबी अत्तार यांच्या दुपारच्या डुलकीत सुमारे वर्षभर एक तांबडा कुत्रा येऊन बसत असे. जागेपणी त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. पण त्याचा डावा कान मधोमध चिरलेला आहे, असे त्या सांगत. पुढे त्यांची मुलगी लतीफा लग्न होऊन धनजला गेली आणि त्या कुत्र्याचा मालक जगदेव याला तिने विचारले. "डावाच," जगदेव म्हणाला. "पिल्लू असतानी लांडग्यानं फाडेल होता. तुले कोनं सांगतलं?"  ही हकिकत मी लतीफा यांच्याकडूनच ऐकली.

इंझोरीहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या काठाला, एका म्हाताऱ्या कडुनिंबाखाली, रहमतबींचे दुकान होते. त्यांचे पती युनूस अत्तार १९२९ मध्ये वारले आणि तेव्हापासून तराजू त्यांच्या हाती आला. ओवा, वेखंड, हिरडा, सुंठ, बैलांच्या खांदेदुखीचा लेप, बाळंतिणीचा डिंक. एवढ्यावर आजूबाजूची दहा-बारा गावे अवलंबून होती. चैत्रात निंबाचा मोहोर दुकानात झडे आणि उघड्या बरण्यांच्या वासात मिसळून जाई. दुपारी त्या वासालाच पेंग येते, असे लतीफा म्हणतात.

युनूस अत्तारांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक होती कुत्र्यांच्या गोचिडांवरची पूड: सीताफळाच्या बिया आणि कडक तंबाखू, दोन्ही वस्त्रगाळ, करंजाच्या तेलात कालवून अंगाला चोळायची. तिचे माप त्यांनी बायकोकडून पाठ करून घेतले होते, 'पाच सेर जीव, एक मासा पूड', म्हणजे तोळ्याचा बारावा हिस्सा. दुसरी होती एक रीत. दोन्ही पारडी समान झाली की ते मालाच्या पारड्यात आणखी एक चिमूट टाकीत आणि ते पारडे गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकलेले दाखवीत. त्याशिवाय सौदा हलाल होत नाही, अशी त्यांची धारणा होती. लोक तिला बरकतीची चिमूट म्हणत. रहमतबींनी ती रीत इतक्या निष्ठेने पाळली की इतर दुकानांत लोक तराजूकडे बघत आणि इथे त्यांच्या बोटांकडे.

या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत, हे युनूस अत्तारांच्या हयातीत उघड झाले नाही. ते कुत्रा समोर आणायला लावीत, त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवीत आणि चिमूट जमेस धरूनच बहुधा पूड कमी तोलीत. हा शेवटचा हिशोब त्यांनी कोणाला सांगितला नाही. कदाचित तो त्यांच्या बोटांनाच ठाऊक असावा.

१९३५ च्या चैत्रात जगदेव धनजहून आला तो कुत्र्याशिवाय. रहमतबींनी विचारले, "केवढा आहे?" त्याने तळहात मांडीच्या वरपर्यंत नेला. आपल्या जनावराविषयी बोलताना माणसाचा हात थोडा वरच जातो. तेवढ्या उंचीचा कुत्रा पंचवीस सेरांचा भरेल, असे धरून रहमतबींनी पाच मासे पूड तोलली आणि वर चिमूट टाकली.

पुढच्या चैत्रात तो ओवा घ्यायला आला.

"कुत्रं कसं आहे, जगदेवभाऊ?"

"गेलं, बी. औषध लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तोंडाले फेस आला, पाय थरथर करे. पाह्यता पाह्यता पडलं."

रहमतबींनी ओव्याच्या बरणीचे झाकण पुन्हा लावले. ते पाहून त्यालाच अवघडल्यासारखे झाले असावे.

"तुमच्या औषधात काई खोट नोयती. माप तं भरपूरच देलं होतं तुमी. त्याचा दिवसच भरला होता. एवढंसं तं होतं," असे म्हणून त्याने तळहात पुन्हा खाली धरला. या खेपेला तो गुडघ्याशी थांबला.

रहमतबींनी तो हात पाहिला. एका माणसाने प्रेमापोटी कुत्रा वाढवून सांगितला होता, दुसऱ्याने धर्मापोटी पूड वाढवून दिली होती, आणि त्या दोन भलेपणांची बेरीज तेवढ्याशा जिवाच्या अंगावर चोळली गेली होती. जगदेव ओवा घेऊन गेला. जाताना त्याला चिमूट मिळाली की नाही, हे लतीफा यांना आठवत नाही.

त्या दिवसापासून तांबडा कुत्रा येऊ लागला. दुपार कलायच्या आधी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, रहमतबी भिंतीला टेकून डोळे मिटीत आणि तो निंबाच्या सावलीतून चालत येई. त्याच्या पायांचा आवाज होत नसे. तो भुंकत नसे, काही मागत नसे. तराजूच्या रिकाम्या पारड्याखाली बसे आणि वर पाहत राही, जणू पारडे खाली यायचे आहे आणि त्याला वेळ भरपूर आहे. रहमतबी जाग्या होत तेव्हा पारडे किंचित हललेले असे. ते वाऱ्याने हलले असेल, हे त्यांनाही मान्य होते.

त्या वर्षात त्यांनी गोचिडांची पूड कोणालाही दिली नाही. विचारणाऱ्याला त्या म्हणत, "संपली." बरणी मात्र अर्धी भरलेली होती.

१९३७ मध्ये रामनवमीला तीन आठवडे असताना पोहरादेवीला निघालेला एक बंजारा तांडा इंझोरीच्या नाल्याकाठी उतरला. त्यात देवला नावाची साठीतली बाई होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे तिला जग दुधातून पाहिल्यासारखे दिसे. तिच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला भुरी नावाची करड्या, दाट केसांची कुत्री आणि भुरीच्या गळ्यात पितळी घंटी; त्या घंटीच्या मागे देवला दरवर्षी पायी पोहरादेवीला जात असे. यंदा भुरी दहा पावले चालून बसत होती. तिच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली गोचीड द्राक्षांसारखे लटकले होते आणि हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"पोरगा म्हनते, कुत्री इथंच सोड अन् गाडीत बस," देवला म्हणाली. तिच्या मुलाचे नाव सेवादास. "गाडीत बसलं का मी बी एक बोचकंच. गाडीतलं बोचकं देवीपुढं कोन उतरवते, कोन नाई, काय भरोसा? मले माह्या पायानं जाचं हाये. औषध दे."

रहमतबींनी 'संपली' म्हणण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात भुरी पुढे सरकली आणि तराजूच्या रिकाम्या पारड्याखाली, नेमकी त्याच जागी, जाऊन बसली.  जागेपण आणि डुलकी यांच्यातली भिंत त्या दिवशी फार पातळ होती, असे त्यांनी पुढे मुलीला सांगितले.

"देईन," त्या म्हणाल्या. "पन आधी तोलीन."

"पूड तं तोलशीनच."

"पूड नाई. कुत्री."

गावात धान्याचा मोठा तराजू एकट्या इंद्रभानच्या अंगणात होता. इंद्रभान मोठ्या खटल्याचा शेतकरी. ज्वारी तोलण्यात आणि तोलताना बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोघी बायका आणि मधे कुत्री असा ताफा येताना पाहून तो बाजेवरून उठला.

"काय व बी, आता कुत्रीचं दुकान लावलं का? काय भाव हाये?"

"तुमच्या जिभीपेक्षा सस्ती हाये," देवला म्हणाली. "तराजू सोडा."

भुरी पारड्यात एकटी बसेना. तेव्हा देवला तिला मांडीवर घेऊन बसली आणि दुसऱ्या पारड्यात इंद्रभानने ज्वारीच्या मोजलेल्या थैल्या रचल्या. मग कुत्री उतरवून एकट्या देवलेला तोलले. पारडे वर उचलले जाताच तिने साखळी घट्ट धरली. डोळ्यांपुढचे दूध तिच्याभोवती हळूहळू फिरत असावे, कारण ती हसत होती.

"उडून राह्यले का व मी?"

"उडशीन कायची, ज्वारीनं धरून ठेवली तुले," इंद्रभान म्हणाला आणि सवयीने आणखी एक ओंजळ पारड्यात टाकू लागला.

रहमतबींनी त्याचे मनगट धरले. "झुकतं नको, भाऊ. सरळ."

"सरळ?" इंद्रभानचा हात हवेत राहिला. "तीस वर्सं झाली, बी, मले लोक झुकतं तोला म्हनतात. सरळ तोल म्हननारी तूच पयली. अन् तेही तू? तुह्या दुकानात तं चिमटीशिवाय पान हालत नाई."

"म्हनूनच सांगून राह्यली."

त्याने ओंजळ परत थैलीत ओतली. काटा स्थिर होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या घरच्यांनी बरेच दिवस नवल म्हणून सांगितले.

पहिल्या वजनातून दुसरे वजा केल्यावर भुरी अकरा सेर भरली. बघणाऱ्याने वीस म्हटले असते. उरलेले सगळे केस होते. रहमतबींनी बोटांवर मोजले: अकरा सेरांना दोन मासे आणि थोडी वर. पण हे माप रक्त असलेल्या कुत्र्याचे. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या कुत्रीच्या अंगात अकरा सेरांची ताकद कुठून असणार? त्यांनी एक मासा धरला. तोही एकदम नव्हे. निम्मा आज, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत, डोळ्यांना न लागू देता. निम्मा आठ दिवसांनी, मागच्या अंगाला. चाटू नये म्हणून तोंडाला फडके बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी राखेने व पाण्याने अंग धुवायचे. कानांतले आणि बोटांतले गोचीड मात्र हाताने काढायचे, तिथे पूड नाही.

दुकानात परतल्यावर त्यांनी लहान तराजू काढला; अर्ध्या-अर्ध्या माशाच्या दोन पुड्या करायच्या होत्या. एका पारड्यात अर्ध्या माशाच्या चार गुंजा, लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या, दुसऱ्यात पूड. दोन्ही पारडी समान झाली. देवलेला ती दिसत नव्हती, पण पूड कागदात उतरल्याचा आवाज तिने ऐकला आणि त्यानंतर जो आवाज यायला हवा होता तो आला नाही.

"माही चिमूट?"

"या औषधात चिमूट नाई, देवला."

देवलेच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "साऱ्या मुलखाले देते अन् मले नाई? लमानाची हाये म्हनून का आंधळी हाये म्हनून?"

रहमतबींवर आयुष्यात हा आरोप कोणी केला नव्हता. नवऱ्याने मागे ठेवलेले एकच व्रत त्या मोडत होत्या आणि तेही अशा बाईपुढे, जिला फसवणे सर्वांत सोपे होते. चिमूट टाकली तर देवला समाधानाने जाईल आणि परवा घंटी वाजायची थांबेल. न टाकली तर ती औषध इथेच ठेवून उठेल आणि घंटी तरीही थांबेल. त्यांनी धनजच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. वर्षभर कोणालाही न सांगितलेली गोष्ट त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होत्या: दोन तळहात, दोन उंच्या, पाच मासे आणि वर एक चिमूट.

 देवलेने भुरीच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"मंग माही बरकत कुठं गेली?" तिने विचारले. आता आवाजात राग नव्हता, खरोखरीचा प्रश्न होता.

रहमतबींनी शेजारची बरणी उघडली. बडिशेपेची एक चिमूट घेऊन त्यांनी देवलेच्या तळहातावर ठेवली. "ही तुही. इखात नाई टाकत बरकत. मानसाच्या हातावर टाकते."

देवलेने ती तोंडात टाकली आणि चावत राहिली. "तुह्या नवऱ्यानं असं काहून नाई केलं व?"

"त्याले इचाराचं राह्यलं," रहमतबी म्हणाल्या.

पूड लावल्याच्या दुसऱ्या दिवशी भुरीने भाकरी सोडली. रहमतबी दुकान उघडे टाकून नाल्यावर गेल्या आणि कुत्रीच्या तोंडाजवळ बसून राहिल्या, फेस येतो का ते पाहत. फेस आला नाही. उन्हे उतरल्यावर भुरीने थोडे पाणी प्यायले, अंग झाडले, आणि घंटी वाजली. मानेवरचे गोचीड सुकून वाटाण्याच्या सालीसारखे गळून पडत होते. सगळे नव्हे, मागच्या अंगाला अजून होते, आणि सेवादासने दोन वेळा सांगून पाहिले की एकदमच सारी पूड लावून मोकळे व्हा. देवला त्याला म्हणाली, "थांब. तोलून देलं हाये." आठ दिवसांनी उरलेला अर्धा मासा लागला. त्यानंतर तांडा हलला. गाड्या पुढे गेल्या, आणि त्यांच्या धुळीत मागे राहिलेली घंटी बराच वेळ ऐकू येत होती. मधे ती थांबे. कुत्री दम घेत असे, म्हातारी उभी राही, आणि मग पुन्हा वाजे.

त्या दुपारी तांबडा कुत्रा आला. लतीफा सांगतात त्याप्रमाणे, या खेपेला तो पारड्याखाली बसला नाही, पारड्यात चढला. रहमतबींनी दुसऱ्या पारड्यात काही ठेवले नव्हते, तरी दोन्ही समान राहिली. थोड्या वेळाने तो उतरला आणि निंबाच्या सावलीतून, आल्या वाटेने, धनजकडे गेला. नंतर तो दिसला नाही.

रामनवमीनंतर भुरीच्या घंटीमागून परतताना देवला दुकानापुढे थांबली ती फक्त तळहात पुढे करण्यासाठी. तेव्हापासून त्या दुकानात औषध सरळ तोलले जाऊ लागले आणि चिमूट हातावर पडू लागली. गोचिडांच्या पुडीसाठी कोणी आले, तर कुत्रा आधी इंद्रभानच्या अंगणात न्यावा लागे.

रहमतबी १९४९ च्या फेब्रुवारीत वारल्या. देशभर नवी वजने आली त्या सुमारास, १९६२ मध्ये, लतीफा यांनी आईची मासा-तोळ्याची पितळी वजने कारंज्याच्या एका तांबटाला मोडीत देऊन टाकली.