गोविंदराव सर आणि टेपवरचं गणित

गोविंदराव सर आज सकाळी वारले.

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष त्यांनी मला टेपरेकॉर्डरवरून शिकवलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर. आम्ही तिरुविडैमरुदूरला राहायचो, कॉलेज कुंभकोणमला. आई अंथरुणाला खिळली आणि घरातली थोरली म्हणून माझं कॉलेज सुटलं.

हजेरी नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. नियम म्हणजे नियम.

माझे वडील, अप्पा, कुंभकोणमच्याच एका कापडदुकानात नोकरीला होते. एका दुपारी ते माझं नाव काढून घ्यायला कॉलेजात गेले. तिथे त्यांना सर भेटले. सर गणित शिकवायचे. आमच्यासारखेच तंजावर मराठी, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ.

(पुण्यात माझं घरचं मराठी ऐकून लोक विचारतात, हे कुठल्या नाटकातलं? म्हणून इथे तुमच्यासारखं लिहितेय.)

सर अप्पांना म्हणाले, "नांव कशास काढतां? पोर येईना तर पाठ घरीं पाठवूं."

अप्पांना वाटलं, नोट्स देतील.

अप्पांच्या डब्याच्या पिशवीतून आली कॅसेट. सोबत स्टेन्सिलवर काढलेले कागद, प्रत्येक आकृतीला नंबर घातलेला. रविवारी सकाळी मावशी आईपाशी बसायची आणि मी बसने कुंभकोणमला सरांकडे जायचे.

आठवडाभर टेप, रविवारी फळा.

आता याला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात, त्याचे सर्टिफिकेट कोर्स निघालेत. तेव्हा स्टाफरूममध्ये त्याला "रावांचं खूळ" म्हणायचे.

पहिली कॅसेट लावली. सरांनी एक गणित सांगितलं, "कर" म्हणाले, आणि आवाज बंद.

मी सगळी बटणं दाबून पाहिली. टेप बिघडली म्हणून दुसऱ्या दिवशी अप्पांबरोबर परत पाठवली.

संध्याकाळी तीच टेप परत आली. सोबत निरोप: "बिघडली नाहीं. तूं करीपर्यंत मी थांबलों अहें."

एका रविवारी त्यांच्या टेबलावर कागद पाहिले. पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं अक्षर, आणि गणितं मात्र आमची.

"सार, हें कोण लिहिला?"

"मीच. डाव्या हातानं. उजवा तुझ्यापुढें पळतो."

म्हणजे रेकॉर्डिंग करताना, गणित सांगून झालं की सर ते स्वतः डाव्या हाताने सोडवत बसायचे. मला लागेल तेवढा वेळ टेपवर राहावा म्हणून.

मी ते कागद होते तसे ठेवले आणि वही उघडली.

मग टेपची हजेरी धरायची की नाही, यासाठी विद्यापीठाची कमिटी बसली. अध्यक्ष एक वयोवृद्ध शास्त्री. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शिष्याचा चेहरा न बघता शिकवतो, तो गुरू कसला?

खरं सांगते, मलाही ते पटत होतं.

सर म्हणाले, आधी ऐकून घ्या. मी न ऐकलेली नवी कॅसेट त्यांनी लावली. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर वही.

टेपवर सर तमिळमध्ये बोलत होते. गणित सांगून झालं. "कर."

शांतता.

एक मेंबर म्हणाले, "मशीन गेलं." शिपाई बंद करायला उठला. सरांनी त्याला हातानेच बसवलं.

मी गणित करत होते. घरी एकटीच असायचे, त्यामुळे टेपला मोठ्याने उत्तर द्यायची सवय लागली होती. त्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर मी बोलून गेले, "सार, बारा."

थोड्या वेळाने टेप म्हणाली, "बारा आलं असेल तर तिसरी ओळ बघ. वजाचं चिन्ह सुटलंय."

शास्त्रीजी उठले. काठी टेकत माझ्यापाशी आले, चष्मा वर केला आणि वहीवर वाकले.

तिसरी ओळ. वजाचं चिन्ह सुटलं होतं.

त्यांनी वहीकडे पाहिलं. मग टेपकडे. मग सरांकडे. आणि अगदी हळू म्हणाले, "चेहरा बघितलायत तुम्ही."

मंजुरी मिळाली, पण फक्त माझ्यापुरती आणि एका वर्षापुरती. ही पास झाली तर पुढचं बघू, असं ठरलं.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. एका हातात आईची औषधं, एका हातात पेन्सिल.

निकाल लागला. सेकंड क्लास. त्याआधी दोन्ही वर्षं माझा फर्स्ट क्लास होता. मी रडत सरांकडे गेले. वाटलं, सरांचं नाव घालवलं.

"पास झालीस मा?"

"सेकंड क्लास, सार."

"तें विचारलों नाहीं. पास झालीस?"

"होय."

सरांनी ड्रॉवर उघडला. आत चार कोऱ्या कॅसेट होत्या.

"चौघी पोरी नांव देऊन गेल्या अहेत. घरून सोडत नाहींत त्यांना. तुझा निकाल लागेपर्यंत थांबा म्हणून सांगिट्लों होतों."

वर्षभर त्यांनी हे मला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर पेपर लिहिताना त्या चौघींचं ओझंही माझ्यावर आलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

त्या चौघींपैकी तिघींचे आज सकाळपासून फोन येऊन गेले. एकजण हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झाली.

चौथीचा नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नाही. लग्न होऊन ती कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. कदाचित कोणी शेअर केलं तर तिच्यापर्यंत पोचेल, म्हणून हे लिहिलं.

बाई गं, आपले सर गेले.

सर, आम्हा पाचजणींचा शेवटचा नमस्कार.