कापसाच्या सरीतली ग्रामसभा

पाचोडच्या पुढं फाट्यावरून आत आमचं गाव. गावठाणात शाळा, पंचायतीचं ऑफिस आणि दारोदार कुलपं. माणसं सगळी आपापल्या शेतवस्तीवर. मी पंचायतीचा सदस्य. भोंग्यावरून ग्रामसभा पुकारताना असा काही आवाज लावतो, की नाटक कंपनीनं मला उचलून न्यावं. येत मात्र कुणी नाही.

त्या दिवशीही सतरंजीवर आम्ही तिघंच: मी, सरपंचबाई आणि ग्रामसेवक भाऊसाहेब. गावच्या कामांचा आराखडा तालुक्याला पाठवायची ती शेवटची दुपार. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि टेकाडावरच्या वस्तीचा नळ यंदा बाद. त्या वस्तीवरची मावशी कापूस वेचणाऱ्या टोळीची मुकादम. तिच्या घरातला प्रत्येक हंडा खालच्या विहिरीवरून डोक्यावर चढायचा. मी तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मावशी, सगळ्या बाया घेऊन या. आत्ताच्या आत्ता!"

"आन् कापूस कोण येचंल, सदस्य? किलोवर काम हाय. सभाच इकडं आणा."

भाऊसाहेब दचकले. "शेतात सभा? नियमात बसत नाही."

"बसत नाय तर उभ्यानं घ्या म्हणावं," फोनमधून आवाज आला.

सरपंचबाई तोवर माझ्या मोटारसायकलवर बसल्यासुद्धा होत्या.

वावरात पोचलो. बाया काही थांबेनात, म्हणून सभाच चालायला लागली. पुढं वेचणारी टोळी, मागं इतिवृत्त छातीशी धरून कापसाच्या पऱ्हाट्यांत अडखळणारे भाऊसाहेब. सरपंचबाईंनी कमरेला ओटी बांधून वेचता वेचता अध्यक्षपद सांभाळलं. शेजारच्या वावरांतले गडीही गंमत बघायला आले. तेही गावचेच मतदार, मी त्यांना तिथंच सभेत मोजून घेतलं आणि कोरम भरला! त्या आनंदात मी भाषणाला घसा साफ केला, तर टोळीतून माझीच बायको म्हणाली, "घरी ऐकती तेवढं बास नाय का?"

भाषण तहकूब झालं.

"नळाचा ठराव मंजूर असेल त्यांनी हात वर करा," भाऊसाहेब म्हणाले.

"एकच गं!" मावशी गरजली. "दुसऱ्यानं येचा!"

सगळ्या वावरात हात वर झाले, मुठीमुठीत कापूस. भाऊसाहेब लिहायला वाकले, तशी मावशी त्यांच्यापुढं उभी राहिली.

"ल्ह्या, नळ आन् नळातून पाणी."

"अहो, नळ म्हटल्यावर पाणी आलंच."

"खालच्या वस्तीला आलं का? तिथं नळाला म्हशी बांधतेत."

भाऊसाहेबांनी निमूटपणे पाणी लिहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर नळ आला. पहिल्या दिवशी मावशीनं मला मुद्दाम बोलावलं. तोटी आधी फुसफुसली, खोकली, मग गढूळ आणि शेवटी स्वच्छ धार सुटली. मावशीनं तांब्या भरून माझ्या हातात दिला.

"तुम्ही घ्या ना आधी," मी म्हटलं.

"नाय, पयले सदस्य. तुमाला काय झालं तर सभा घेऊ."

मी प्यालो. मावशी माझ्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिली, मग हंडा धारेखाली सरकवला आणि डोक्यावरची चुंबळ काढून नातीकडं भिरकावून दिली.