उरलेल्या गोळ्या

म्हसावदला माझा चार कॉटचा छोटासा दवाखाना आहे. संध्याकाळी चहाला मित्र जमले की विचारतात, "डॉक्टर, नवीन काय?" नवीन काय असणार, कपाळ! जुलाब, ताप आणि घरात उरलेल्या गोळ्या. पेशंट बरे होऊन जातात, किस्से माझ्याकडे साठतात.

एका आजोबांना शिळी भाजी बाधली. अँटिबायोटिकचा कोर्स दिला, तरी जुलाब थांबेनात. खोदून विचारलं तर प्रत्येक गोळीचे तुकडे करून घरभर वाटलेले! म्हणाले, "भाजी सगळासनी खादी, मंग गोयी मी एकलाच कसा खाऊ?"

आमचे पोल्ट्रीवाले सलीमभाई. ताप उतरला की स्वतःच्या गोळ्या बंद, पण कोंबड्यांच्या पाण्यात रोज औषध, त्या आजारी असोत नसोत. मी चिडून म्हटलं, अहो, अशानं जंतू निर्ढावतात, मग माणसाला औषध लागू पडत नाही. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, माणूस उठतो परत. कोंबडी मेली की मेली."

पण दगाअण्णांनी मात्र माझी झोप उडवली. केळीवाले शेतकरी, तब्येतीनं दणकट. पोट बिघडलं की मेडिकलवरून गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की उरलेल्या फळीवर ठेवायच्या, ही वर्षानुवर्षांची सवय. यंदा टायफॉइड झाला आणि ताप हटेचना. रक्ताचा कल्चर रिपोर्ट आला, तर नेहमीचं एकही औषध चालणार नव्हतं. लगेच ॲडमिट केलं, शिरेतून भारी इंजेक्शनं सुरू केली. आतड्याला भोक पडेल की काय, या भीतीनं मी हादरलो होतो. अण्णांची बायको, आमच्या काकू, कॉटजवळून हलत नव्हत्या.

शेवटी ताप उतरला. मी कॉटवर बसून अण्णांना नीट समजावलं, की अर्धवट औषधानं उरलेले जंतूच आज जिवावर उठले होते, आता कोर्स पुरा करायचा. काकू रडल्या. अण्णांनी माझा हात घट्ट धरला, त्यांचेही डोळे भरले. मलाही भरून आलं. चला, एकाला तरी पटलं!

बाहेर आलो, तर मागोमाग सिस्टर हसू दाबत आली. शेवटची दोन इंजेक्शनं बाकी आहेत, एवढंच ती अण्णांना सांगायला गेली होती. अण्णांनी तिला हळूच जवळ बोलावलं.

"ताई, माले आते बरं शे. त्या दोन सुया फ्रिजमा ठेवी द्या. सोमवारले पुतण्यानं लगीन शे, कोनले ना कोनले लागतीनच."