जास्त चमकणारा हिरा

द्राक्षांच्या पेटीचा आंबटगोड वास आला की मला त्र्यंबकची एक दुपार आठवते. वडील पूजा सांगायचे आणि सुट्टीत त्यांच्या यजमानांना त्र्यंबकेश्वराच्या नासक हिऱ्याची गोष्ट सांगणं माझ्याकडे असायचं. शाळेत बक्षीस मिळवलेलं इंग्रजी भाषणच मी मराठीत म्हणायचे. "आमची मुलगी कुठे अडखळत नाही," असं वडील आधीच सांगून ठेवत. त्या दिवशीची ती तिसरी खेप होती आणि माझा घसा बसला होता. समोर दिंडोरीकडचं म्हातारं जोडपं होतं, बागेतला पहिला घड देवाला वाहून आलेलं. हिरा देवाचा होता, इंग्रजांनी नेला, लंडनमध्ये पुन्हा पैलू पाडले, त्यात तो लहान झाला पण जास्त चमकू लागला, असं मी भराभर संपवलं. आजींनी विचारलं, "देवापाशी चमकत नव्हता का बाई तो?" भाषणात याचं उत्तर नव्हतं. "सांग की," वडील म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, लय दमली पोर," म्हणत आजींनी प्रसादाची द्राक्षं माझ्या हातावर ठेवली. अजूनही यजमान आले की वडील हाक मारतात. मी गोष्ट सांगते, फक्त "हिरा जास्त चमकू लागला" एवढं गाळते.